भट्टीवाल्या चाचांना जाहीर आभार

आदरणीय चाचा,

सलाम. दुकानात येऊन आभार मानावेत तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाचा पाव बांधायला घेता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. तुमच्या भट्टीनं आमच्या घरासाठी काय केलं ते सोलापुरातल्या लोकांना कळायला हवं.

माझी आजी, म्हणजे अण्णांची आई, इथल्या मिशनच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती. अमेरिकन मराठी मिशनची मूळ संस्था बोस्टनची. तिचे पहिले लोक 1813 साली मुंबईत उतरले, पुढे काम सोलापूरपर्यंत आलं. बोस्टनच्या माणसांना शनिवारी बेक्ड बीन्स, म्हणजे मंद आचेवर मुरवलेला गोडसर राजमा, लागायचेच. त्यांच्याकडची ही फार जुनी रीत. रविवार देवाचा, त्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून आदल्या दिवशी मातीचं भांडं मंद आचेवर ठेवून द्यायचं. आजी हे बंगल्यावर शिकली आणि घरी आणलं. तिकडे त्यात खारवलेलं डुकराचं मांस घालतात. आजीनं ते पहिल्यापासूनच वगळलं आणि सढळ हातानं शेंगतेल घातलं. मोलॅसिसच्या, म्हणजे साखर काढल्यावर उरणाऱ्या उसाच्या मळीच्या, जागी काकवी आली. हंडी मात्र कुंभार वेशीतलीच. रविवारी उपासनेहून परतलं की भाकरीबरोबर तेच जेवण.

आजीची कृती आईला तोंडपाठ होती, तिच्याकडून मला मिळाली. पाव किलो बारीक पांढरा राजमा रात्रभर भिजवायचा. ते पाणी फेकून ताज्या पाण्यात आधी चांगला खदखदा उकळायचा. यात आजी कुणाचं ऐकायची नाही, आणि तिचं बरोबर होतं. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं विष असतं. ते निव्वळ मंद आचेवर मरत नाही, त्याला निदान दहा मिनिटं सणसणीत उकळी लागते. मग आच कमी करून दाणे शिजू द्यायचे. चार दाणे चमच्यात घेऊन फुंकर मारायची, साल उलगडली की उतरवायचं. काकवी त्यानंतरच, कारण ती आधी पडली तर दाणा लवकर मऊ होत नाही. हंडीच्या तळाशी अख्खा कांदा, वर राजमा, तीन-चार डाव काकवी, चमचाभर मोहरीची पूड, मीठ, शेंगतेल आणि दाणे बुडतील एवढं उकळीचं गरम पाणी. टोमॅटो नाही. टोमॅटोच्या रसातले ते डब्यातले, आणि ते तर बंद डब्यात वाफेवरच शिजवतात, भट्टी त्यांना माहीतच नसते.

एवढं सगळं हाताशी असून चव लागत नव्हती. आजीकडे चूल होती, निखारे होते. आमच्या फ्लॅटमध्ये गॅस. कुकरमध्ये राजमा शिजतो, पण मुरत नाही. अण्णा काही न बोलता खायचे आणि ताट सरकवायचे. त्यांचं आता वय झालंय, खाण्यातलं मन उडालंय. म्हणून मला ती चव हवीच होती.

तेव्हा मी तुमच्याकडे आले. आत काय आहे, काय नाही, सगळं आधीच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "आजीचं आहे ना? मग आण बेटा." सकाळचा पाव निघाला की उरलेल्या उबेवर तुमचे टोस्ट वाळतात, त्याच्या शेजारी कोपऱ्यात जागा करून दिलीत. झाकणाच्या कडेला मैद्याची कणीक तुम्ही स्वतः थापलीत, अंगठ्यानं दाबत दाबत, कुठे फट राहू नये म्हणून. लांब दांड्याच्या फळीनं हंडी आत सरकवताना "दारापाशी नको, तिथं एका अंगानं करपेल" म्हणालात. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं चाचा. संध्याकाळी मी आले तर तुम्ही हंडी काढून पोत्यात गुंडाळून ठेवली होती, वाटेत गार होऊ नये म्हणून.

रविवारी कणीक फोडली. रस दाट, तपकिरी झाला होता. दाणा न् दाणा अख्खा, पण जिभेवर विरघळणारा. वर काळपट चिकट थर. लहानपणी त्या थरावरून अण्णांची भावंडांशी मारामारी व्हायची म्हणे. अण्णांनी तो चमच्यानं खरवडून घेतला, भाकरी कुस्करली आणि दुसऱ्यांदा वाढ म्हणाले. मग आजीबद्दल बोलायला लागले ते दुपारभर. बंगल्यावरून येताना ती पदराखाली वाटी झाकून आणायची, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या आईलासुद्धा माहीत नव्हतं.

जुन्या वेळी बोस्टनमध्येही लोक आपापली भांडी गल्लीतल्या बेकरीवाल्याच्या भट्टीत ठेवायला देत. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपला बेकरीवाला त्यांच्याहून चांगला. पैसे घेतले का त्यानं?" नाही घेतलेत. पुढेही घेणार नाही, हे मी ओळखून आहे.

म्हणून येत्या शनिवारी दोन हंड्या आणतेय. मोठी तुमच्या घरासाठी आणि भट्टीवर रात्रभर राबणाऱ्या पोरांसाठी. पाव तुमचा. अण्णांनी सलाम सांगितलाय आणि एकदा भट्टी बघायला यायचंय म्हणतात. कुठल्या वेळी आणू ते सांगा.

तुमची,
हंडीवाली बेटी