आराम पडला म्हणजे निदान बरोबर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरचा आतड्याच्या सुजेवरचा लेख वाचला आणि रात्रभर झोप नाही. क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस हे आतड्याच्या जुनाट सुजेचे आजार, टीबी, सगळं लिहिलं, पण लिम्फोमावर, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरवर, एकच ओळ? आणि स्टेरॉइडने आराम पडला की निदान पक्कं समजा, हे तर साफ चुकीचं छापलंय तुम्ही.

माझ्या दादाला आरामच पडला होता. पोटात उजवीकडे खाली दुखायचं, जुलाब, संध्याकाळी ताप, १४ किलो वजन उतरलं. लहान आतडं मोठ्याला जुळतं तिथे अल्सर दिसले, बायोप्सीत, म्हणजे तिथून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, नुसती सूज आली, म्हणून क्रोन्स धरून स्टेरॉइड सुरू. आठ दिवसात ताप गेला, दादा पोळ्या मागून खाऊ लागला, वहिनीने टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला. डोस कमी केला की पुन्हा तेच, असे ७ महिने गेले. लिम्फोमाही स्टेरॉइडने काही दिवस दबतो आणि त्या काळात तुकडा काढला तर रोग त्यात सापडेलच असं नाही, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तुकडा वरवरचा असला तरी खालच्या थरातलं सुटून जातं. दुसऱ्या डॉक्टरांनी खोलवरून जास्त तुकडे घेतले, आयएचसी, म्हणजे पेशी कोणत्या ते ओळखायची खास तपासणी, केली, तेव्हा बी-सेल लिम्फोमा निघाला. क्रोन्सला स्टेरॉइड देतातच, त्यावर माझं काही म्हणणं नाही, आणि हे वाचून कोणी मनाने गोळ्या बंद करू नका बाप्पा, पण शंका असेल तर बायोप्सी आधी पुरी होऊ द्या ना.

अजून एक. सेकंड ओपिनियनसाठी बायोप्सीचे ब्लॉक मागितले तर ते ठेवणाऱ्या लॅबने मे महिन्याच्या उन्हात ३ चकरा मारायला लावल्या, दरवेळी नवीन सही. काडेपेटीपेक्षा लहान, आत तुकडा बसवलेले मेणाचे चपटे ठोकळे ते. उभ्या गाडीत ठेवू नका, मेण नरम पडेल म्हणाले, तर मी विदर्भ एक्सप्रेसमध्ये ओल्या नॅपकिनमध्ये डबी गुंडाळून मुंबईपर्यंत मांडीवर घेऊन बसलो. माझ्या भावाच्या आतड्याचा तुकडा आहे तो, त्याच्यासाठी आम्ही हात जोडायचे का?

दादाचे आर-चॉप या केमोचे ६ सायकल झाले, आता बरा आहे. लेखातलं ते एक वाक्य तेवढं दुरुस्त करून छापा, त्याच पानावर.

एक वाचक, मानेवाडा, नागपूर