मन्या, तुझी गोष्ट तूच वाच

नाशिक, रविवार रात्र

प्रिय मन्या,

तू विचारलंस की सोमेश्वरच्या धबधब्याखाली बॉडी सापडते ती तुझी कथा रेकॉर्ड करायची आहे, तर पुण्यातला कोणी व्हॉइस आर्टिस्ट बघू का, रेट काय चाललाय वगैरे. उत्तर एका ओळीत देतो, नको बघूस, तूच वाच. आता हे व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू दोन अंगठे टाकून मोकळा झाला असतास आणि परत त्या आर्टिस्टलाच फोन लावला असतास, मला माहितीये तू कसला आहेस ते, म्हणून हे लांबलचक पत्र. चहा घेऊन बस.

तुला सांगितलं होतं ना की कंपनीच्या बसमध्ये मी हल्ली गाणी ऐकत नाही. गंगापूर रोडवरून अंबडला पोचेपर्यंत एक गोष्ट आरामात होते, मुंबई नाक्याला ट्राफिक असेल तर दीड होते. अमेरिकेतलं एलरी क्वीन नावाचं रहस्यकथांचं मासिक आहे बघ, १९४१ पासून चालू आहे, आणि एलरी क्वीन म्हणजे कोणी एक माणूस नाहीच, दोघा चुलतभावांनी मिळून घेतलेलं टोपणनाव. तर त्या मासिकाचं पॉडकास्ट आहे आणि त्यात बऱ्याचदा लेखक स्वतःच आपली छापून आलेली गोष्ट वाचतात. म्युझिक नाही, दार करकरल्याचा आवाज नाही, काही नाही. एक माणूस आणि त्याचे कागद. पहिल्यांदा लावलं तेव्हा वाटलं काय हे रटाळ, एक बाई किराणा मालाची यादी वाचल्यासारखं एका सुरात वाचतेय, मध्येच पान उलटल्याचा आवाज, एकदा तर घोट घेतल्याचा पण. पण संपता संपता माझा स्टॉप आला तरी मी उतरायला तयार नाही, ड्रायव्हर काका आरशातून बघतायत.

मग मी विचार करत बसलो की हे असं का झालं. कारण याच्या अगदी उलटं पण मी खूप ऐकलंय, कोलकात्याच्या रेडिओ मिर्चीचं संडे सस्पेन्स, बंगाली मला अर्धवट कळतं तरी ऐकतो, काय ती माणसं वाचतात रे, पावसाचा आवाज, घोड्यांच्या टापा, खुनी बोलायला लागला की अंगावर काटा. भारीच आहे ते, वादच नाही. पण ते नाटक आहे. नट तुला घाबरवायला बसलेला असतो आणि तूही घाबरायला बसलेला असतोस, दोघांचं ठरलेलं असतं. लेखक वाचतो तेव्हा गंमत वेगळी आहे. त्याला खून कोणी केला हे पहिल्या वाक्यापासून माहिती असतं आणि ते लपवत लपवत त्याला अख्खी गोष्ट तोंडाने सांगायची असते. म्हणजे खरा आरोपी तोच! तो खोटं बोलतोय हे तुला माहितीये, फक्त नक्की कुठे बोलतोय ते पकडायचंय. कागदावर मागे जाऊन बघता येतं, ऐकताना नाही, म्हणजे तसं दहा सेकंद मागे घ्यायचं बटण असतं पण बसमध्ये एका हाताने दांडी धरून उभा असलास की ते पण नाही.

आणि हे फक्त अमेरिकेतल्या बायांचं सांगत नाहीये. मागच्या महिन्यात इथे कॉलेज रोडला एकाच्या घरी बसलो होतो आम्ही, लिहिणारी पाच-सहा टाळकी, तू ओळखत नाहीस, प्रत्येकाने आपापली गोष्ट वाचायची असं ठरलं होतं. बाकीच्यांचं सोड, एकाने तर भूतच आणलं शेवटी, ती फसवणूक आहे माझ्या मते, रहस्यकथेत भूत आणणं म्हणजे हात वर करणं. पण एक काका होते, बँकेतून रिटायर झालेले, पिंपळगावकडचे, त्यांनी द्राक्षबागेतली गोष्ट आणली होती. व्यापारी शेतकऱ्यांचा माल उचलतो, चेक देतो, चेक वटत नाही, दरवर्षीचं रडगाणं तुला माहितीच आहे. तर हा व्यापारी पुढच्या वर्षी परत तोंड वर करून येतो आणि एका बागेच्या शेडमध्ये मेलेला सापडतो. सगळे म्हणतात अटॅक आला. टेबलावर अर्धी बाटली, दोन ग्लास.

आता बघ काकांनी काय केलं. सुरुवातीपासून त्यांचं वाचणं एकदम संथ, बँकेतल्या मॅनेजरसारखं, प्रत्येक शब्द सुटा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, डाव्या हाताचं बोट ओळीखाली. ऑक्टोबर छाटणीचं वर्णन करत होते, बाग कशी उघडी पडते, काड्या कशा दिसतात, आणि मध्येच एक वाक्य आलं, की पेस्टिंग चालू होतं आणि मजुरांचे हातमोजे तारेवर वाळत पडले होते. हे वाक्य ते झर्रकन बोलले. बाकी सगळं पॅसेंजरच्या स्पीडने आणि हे एक वाक्य, पोराने मार्कशीट दाखवताना गणितावर अंगठा ठेवावा तसं. आणि बोट पण ओळीखालून उचललं होतं. मला तिथेच कळलं रे! छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना ती हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात आणि ते काम केलं की पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही, त्रास होतो, जिवावर बेतू शकतं, हे निफाड-दिंडोरीतलं शेंबडं पोरगं पण सांगेल. पण खोलीत बाकी सगळे सिडको आणि इंदिरानगरचे, त्यांच्या डोक्यावरून गेलं. पुढे कोणी काय कसं केलं ते सांगत नाही, काका ती दिवाळी अंकाला पाठवणार आहेत. नंतर चहाला मी त्यांना हळूच म्हटलं, काका हातमोजे. ते इतके खूश झाले, म्हणाले चार वेळा लिहून चार वेळा खोडलं होतं ते वाक्य.

आता मला सांग, कुठला भाड्याचा आवाज ते वाक्य असं वाचेल? त्याने एक तर सगळंच सारखं वाचलं असतं किंवा हातमोज्यांवर असा काही जोर दिला असता की तुमच्या चिंगीला पण कळलं असतं. चोरी कुठे लपवलीय हे ज्याने लपवली त्यालाच अंगात ठाऊक असतं, आणि ते अंगातलं आवाजात येतं, त्याला नको असलं तरी येतं. मला तर तेच ऐकायचं असतं.

यावरून आठवलं, हे वेड काही आत्ताचं नाहीये. चार्ल्स डिकन्स स्वतःच्या कादंबऱ्यांचे जाहीर वाचनाचे प्रयोग करायचा, तिकीट लावून. आधी सगळं गोडगोड आणि विनोदी वाचायचा, पण शेवटी शेवटी त्याने ऑलिव्हर ट्विस्टमधला नॅन्सीचा खून वाचायला घेतला, १८६९ च्या जानेवारीपासून लोकांसमोर. त्याच्या वाचायच्या प्रतीत समासात सूचना लिहून ठेवलेल्या, एके ठिकाणी लिहिलंय शेवटपर्यंत दहशत. बायका हॉलमध्ये बेशुद्ध पडायच्या. आणि पठ्ठ्याची स्वतःची हालत अशी व्हायची की डॉक्टर बाजूला बसून नाडी मोजायचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तब्येत इतकी ढासळली की दौरा सोडावा लागला, १८७० च्या जूनमध्ये गेला. सगळे सांगत होते तो खून वाचू नकोस म्हणून, ऐकलंच नाही. तू काही एवढं मनावर घेऊ नकोस, तुझं बीपी आधीच वर असतं आणि वहिनी मला शिव्या घालतील.

आपल्याकडे पण वाचून-सांगून दाखवायची केवढी मोठी परंपरा आहे. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर हे तिघं गावोगाव कथाकथन करत फिरले, लोक अख्खी मैदानं भरून बसायचे, माझे वडील अजून मिरासदारांची नक्कल करतात. पण ती सगळी ग्रामीण आणि विनोदी कथा, हसायची, चारचौघात ऐकायची. रहस्यकथा मात्र आपण कायम चोरून वाचली. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहिल्या, झुंजार काय, काळा पहाड काय, पण त्या भाड्याच्या लायब्ररीतून आणायच्या आणि अभ्यासाच्या पुस्तकात लपवायच्या. मतकरी स्वतःच्या गूढकथा स्टेजवरून सांगायचे, तो सन्माननीय अपवाद. बाकी खून हा विषय माईकवर बोलायचा नाही असंच जणू ठरलं होतं. गोदाघाटावर मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला आपण जायचो आठवतंय ना, तिथे कोणी तरी एखाद्या संध्याकाळी नुसती एक खुनाची गोष्ट वाचली पाहिजे असं मला कायम वाटतं. समोर नदी, अंधार पडत चाललाय, घाटावर घंटा. पण कोण ऐकतंय.

बरं आता तुझ्या गोष्टीकडे येतो, खरं तर यासाठीच लिहायला बसलो आणि भलतीकडेच गेलो. तुझा सगळा डाव यावर आहे ना की 'मी' म्हणून गोष्ट सांगणारं माणूस बाई आहे हे शेवटच्या पानापर्यंत कळत नाही. मराठीत हे किती अवघड आहे, मी गेलो म्हटलं की पुरुष, मी गेले म्हटलं की बाई, एका शब्दात सगळं उघडं. आणि तू ते काय सॉलिड निभावलंयस, मी दार उघडलं, मी दिवा विझवला, मी चाकू ओट्यावर ठेवला, सगळी क्रियापदं अशी निवडलीयस की माणूस कुठेच सापडत नाही. दोनदा वाचलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की अख्ख्या गोष्टीत ही व्यक्ती कुठे जात नाही, येत नाही, बसत नाही, नुसती वस्तू हलवते! आता विचार कर, आर्टिस्ट घ्यायचा तर बाई घेणार की बुवा? बाई घेतलीस तर पहिल्याच वाक्याला गोष्ट फुटली. बुवा घेतलास तर शेवटी ऐकणारा म्हणणार की च्यायला फसवलं, नाटकात पुरुषाचं काम दिलं आणि आता सांगतायत बाई होती. पण तू वाचलंस की तो मन्याचा आवाज, लेखकाचा आवाज, त्याचा त्या पात्राशी काही संबंध नाही, कोणी तक्रार करू शकत नाही. तुझ्या गोष्टीला तुझ्याशिवाय दुसरा आवाज चालतच नाही.

वाचायच्या आधी काही ठिकाणी हात फिरव मात्र. सुभाष, सुहास आणि सुधीर अशी तीन पात्रं आहेत तुझी, कागदावर चालतं, कानाला तिघं एकच माणूस वाटतात, एकाला तरी डिसूझा कर. संवादात म्हणाला, म्हणाली कमी घातलेत ते डोळ्यांना छान, पण ऐकताना कोण बोलतंय कळत नाही, आणि तू काही आवाज बदलून वाचणाऱ्यातला नाहीस, नकोच बदलूस, मोठ्या माणसांनी बारीक आवाजात बाईचं बोलणं वाचलं की मला कसंतरी होतं. त्या रात्रीच्या वेळा, नऊ बावीस, नऊ पन्नास, दहा पाच, या एवढ्या कोणाच्या लक्षात राहत नाहीत, त्याऐवजी बातम्या संपल्या, वॉचमनने गेट लावलं असं काही तरी कर. पंचनामा मात्र जसाच्या तसा ठेव, सदर इसम, मयताच्या उजव्या मनगटावर, इत्यादी, तो मोठ्याने वाचायला जाम मजा येईल, आणि तुझी ती सरकारी ऑफिसातली कोरडी टोन तिथे एकदम फिट्ट बसते. आणि हो, त्या पंचनाम्यात बांगडीची काच आहे ना, तिथे घाई करू नकोस आणि थांबू पण नकोस. माझ्यासारखा कोणी तरी ऐकत असणार.

रेकॉर्डिंगचं फार टेन्शन नको घेऊस. फोनवरच कर, कपड्यांचं कपाट उघड आणि त्यात तोंड करून वाच, आवाज घुमत नाही. फॅन बंद. तुमच्या गॅलरीतली कबुतरं पहाटे गप्प असतात का बघ. एका दमात वाच, साधारण अर्ध्या तासाची होईल, अडखळलास तर तेच वाक्य परत घे, कापायचं मी बघतो, ते ॲप मला आता येतं. पान उलटल्याचे आवाज मी काढणार नाही, आधीच सांगतो.

बाकी इकडे ठीक. आईचं गुडघ्याचं चालूच आहे. सायंतारावरून गेलो की तुझी आठवण येते, खोटं नाही सांगत, वडा खाऊनच येते. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की मीच तुला भरीस पाडलंय, आणि चिंगीला रेकॉर्डिंग होईपर्यंत दुसऱ्या खोलीत ठेवा.

पहिली फाइल मलाच पाठव, एडिट न करता. आणि तो पीआय पाटील बदल रे बाबा, मराठी कथेतला प्रत्येक पीआय पाटीलच का असतो.

तुझाच,
पक्या