वारजे ते चाकण : पहिली मोटरसायकल कुठली घ्यावी?

चिंचवड,
रविवार

प्रिय संज्या,

तुझं पत्र पोचलं. चाकणची नोकरी पक्की, वारज्यातलं घर सोडायचं नाही आणि तुझ्या शिफ्टला कंपनीची बस नाही, म्हणजे गाडी आलीच. 'अ‍ॅव्हरेज देणारी, दिसायला बरी आणि नवशिक्याला झेपेल अशी' गाडी तू मागितलीस. तुझा रस्ता या तिन्ही अटींमध्ये कुठेच आलेला नाही, म्हणून थोडं पाल्हाळ लावतो.

तुझा रस्ता दोन तऱ्हेचा आहे. वारज्याहून चांदणी चौक, बाणेर, वाकडपर्यंत बायपास. तिथे ट्रक साठ-सत्तरने चाललेले असतात आणि तू चाळिसाने गेलास तर मागचा कंटेनर तुझ्या पाठीवर येतो. वाकडहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी ते चाकण मात्र रांगणं. पहिला-दुसरा गियर, क्लच, ब्रेक, पुन्हा पहिला. एका वेळचे पस्तीसेक किलोमीटर धर. रोजचे सत्तर, महिन्याला पंचवीस दिवस म्हणजे १७५० आणि वर्षाला २१ हजार किलोमीटर. बहुतेक लोकांची गाडी दोन-अडीच वर्षांत जितकी पळते तितकी तुझी एका वर्षात पळणार. गाडी निवडण्यापासून चेनला तेल घालण्यापर्यंत सगळं या आकड्यावर ठरतं.

कौल आधीच देऊन टाकतो. होंडा युनिकॉर्न घे. बजेट ताणायचं नसेल तर होंडाचीच, पुढे डिस्क ब्रेक असलेली शाइन १२५ किंवा एसपी १२५. आता का ते सांगतो.

तुझ्या घरी सगळे स्प्लेंडर म्हणतील, आणि गाडी वाईट मुळीच नाही. ११२ किलो वजन, ९७.२ सीसी, ६५ चं अ‍ॅव्हरेज आरामात. मोशीच्या गर्दीत तिच्यासारखी गाडी नाही. अडचण बायपासवर आहे. जेमतेम आठ पीएसची (साधारण आठ हॉर्सपॉवर) ताकद आणि तीही आठ हजार आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला आठ हजार वेळा फिरेल तेव्हा. चारच गियर असल्याने सत्तरने जाताना इंजिन सतत वरच्या पट्टीत ओरडत राहतं आणि तो थरथराट हँडल, फूटपेग, सीट सगळीकडून अंगात येतो. दहा मिनिटं काही वाटत नाही, पण रोज दोन वेळा झालं की बोटांना मुंग्या येतात. शिवाय ओव्हरटेक करताना हाताशी काही शिल्लक उरत नाही. ट्रकच्या बरोबरीने अर्धा मिनिट लटकत राहणं ही नवशिक्यासाठी सगळ्यात वाईट जागा.

१२५ मध्ये पाचवा गियर मिळतो आणि पावणेअकरा ते साडेअकरा पीएस. शाइन ११३-११४ किलोची, म्हणजे स्प्लेंडरपेक्षा जड नाहीच म्हण, आणि साठ-पासष्टला इंजिन शांत चालतं. टीव्हीएस रेडर जास्त चपळ आहे, पिकअप झकास, पण तिची चाकं १७ इंची. शाइनची दोन्ही चाकं १८ इंची आहेत. मोठं चाक खड्ड्यात कमी आदळतं, आणि चाकण एमआयडीसीतले रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात ते तू लवकरच पाहशील.

मग युनिकॉर्न का? ब्रेकमुळे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि त्याखालच्यांना सीबीएस चालेल असं ठरलं. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. चांगली सोय आहे, पण चाक लॉक होणं, म्हणजे फिरायचं थांबून घसरणं, त्याने थांबत नाही. एबीएस पुढचं चाक लॉक होऊ देत नाही. नवशिका माणूस घाबरला की पुढचा ब्रेक जीव खाऊन आवळतो, आणि ओल्या रस्त्यावर पुढचं चाक लॉक झालं की गाडी सावरायला वेळच मिळत नाही, सरळ आडवी. युनिकॉर्नचं एबीएस सिंगल चॅनल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं लॉक होऊ शकतं, पण मागचं घसरलं तर बहुतेक वेळा पाय सैल केला की गाडी सरळ होते. १२५ मध्येच एबीएस हवं असेल तर हीरो एक्स्ट्रीम १२५आरमध्ये एबीएसवालं मॉडेल येतं, पण तिचं वजन १३६ किलो. युनिकॉर्न १४० च्या आसपास. तीन-चार किलोंच्या फरकात १६२.७ सीसी, तेरा पीएस आणि १३ लिटरची टाकी मिळत असेल तर हिशोब सरळ आहे.

पेट्रोलचाही हिशोब करून टाक. १०४ रुपये लिटर धरलं तर महिन्याच्या १७५० किलोमीटरला स्प्लेंडर साधारण २८०० रुपयांचं पिते, ५५ देणारी १२५ सुमारे ३३०० चं, ४७ देणारी युनिकॉर्न ३९०० च्या आसपास. म्हणजे १२५ आणि युनिकॉर्नमध्ये महिन्याला साडेपाचशे-सहाशेचा फरक. एबीएससाठी आणि न दुखणाऱ्या मनगटासाठी मला तो जास्त वाटत नाही. तुझ्या मनात रॉयल एनफिल्डची हंटर ३५० घोळतेय हे तू लिहिलं नाहीस, तरी मला ठाऊक आहे. १८१ किलो, महिन्याला साडेपाच हजारांचं पेट्रोल, आणि भोसरीच्या गर्दीत चढावर थांबलास की सगळं वजन तुझ्या डाव्या पायावर. दोन वर्षांनी घे, मी स्वतः शोरूमला येईन.

बजाजची सीएनजीवाली फ्रीडम १२५ पण कुणीतरी सुचवेल. खर्चाला स्वस्त, वाद नाही. पण सीट ८२५ मिलिमीटर उंच, वजन १४९ किलो, आणि सीएनजीच्या रांगेत उभं राहायला तुला सकाळी वेळ नाही. साडेपाच फुटांखालच्या नवशिक्याला ती नको.

उंचीचं म्हणशील तर युनिकॉर्नची सीट ७९८ मिलिमीटर, शाइनची ७९१. कागदावरच्या आकड्यापेक्षा सीट पुढे किती निमुळती आहे याला महत्त्व आहे, म्हणून टेस्ट राइडला कामावरचेच बूट घालून जा. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले पाहिजेत आणि एक पाय पूर्ण. गाडी बंद असताना तिच्यावर बसून पायांनीच चार फूट मागे ढकलून बघ, कंपनीच्या पार्किंगमध्ये रोज तेच करावं लागणार. राइड शोरूमसमोरच्या गल्लीतली नको. टॉप गियरमध्ये साठला दहा मिनिटं चालव, मग एका हाताने हँडलवरची पकड ढिली करून बोटं झिणझिणताहेत का बघ. आरसे थरथरून मागचं धूसर दिसत असेल तर तेही लक्षात ठेव. शेवटी अरुंद जागेत एक यू टर्न.

तू आजवर अ‍ॅक्टिव्हाच चालवलीस, म्हणून एक गोष्ट नीट ऐक. स्कूटरवर डाव्या हाताला ब्रेक असतो, मोटरसायकलवर तिथे क्लच. समोर काही आडवं आलं की स्कूटरवाल्याचा डावा हात आपोआप आवळला जातो. मोटरसायकलवर त्याने गाडी थांबत नाही. इंजिन चाकापासून सुटतं, इंजिनचा ब्रेकही जातो आणि गाडी मोकळी पुढे धावते. ही सवय डोक्याने मोडत नाही, हातापायांनीच मोडावी लागते. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या रस्त्यावर जा. तीसच्या वेगाने ये, हँडल सरळ ठेव, नजर लांब. उजव्या पायाने मागचा ब्रेक हलका लाव आणि त्याच वेळी उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, आधी हलकी, मग लिंबू पिळल्यासारखी घट्ट होत जाणारी. एकदम आवळायचं नाही. वजन पुढच्या चाकावर यायला क्षणभर लागतो, ते आलं की तेच चाक गाडी थांबवतं. क्लच अगदी शेवटी, इंजिन बंद पडायच्या बेतात असताना. वीस-पंचवीस वेळा कर, मग वेग चाळीस. वळणात असताना पुढचा ब्रेक जोरात लावू नकोस, आधी गाडी सरळ कर.

गियरचंही एक. युनिकॉर्नला पहिला खाली आणि बाकी चार वर, स्प्लेंडरला सगळे खाली दाबायचे. मामाच्या स्प्लेंडरवर शिकून युनिकॉर्नवर बसलास तर तिसरा समजून पहिला टाकशील आणि मागचं चाक किंचाळेल. ज्या गाडीवर चालवायचं तिच्यावरच शीक.

आणि लायसन्स बघ. तुझं फक्त 'विदाउट गियर'चं असेल तर मोटरसायकल चालवता येत नाही, अपघातात विमा कंपनी हात वर करते. गियरची वर्गवारी जोडून घे, त्यासाठी लर्निंग काढून तीस दिवस थांबावं लागतं. गाडी बुक करायच्या आधी हे सुरू कर.

शोरूमात कोटेशन ओळीओळीने वाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तो एक्स-शोरूम किमतीत धरलाय ना बघ. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा, त्यात सुटका नाही. झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणारा विमा, पहिल्या वर्षी घे, नवशिक्याची गाडी एकदा तरी पडतेच. 'हँडलिंग चार्जेस', टेफ्लॉन कोटिंग, अ‍ॅक्सेसरी किट यांवर मात्र सरळ काट मार. लेगगार्ड तेवढा बसव. गाडी ताब्यात घेताना चॅसिस नंबर कागदाशी जुळवून घे आणि प्लेटवरचा उत्पादनाचा महिना बघ. गोदामात सात-आठ महिने पडलेली गाडी असेल तर दुसरी माग.

पहिले हजार किलोमीटर तुझे पंधरा दिवसांत होतील, आणि हेच रनिंग-इनचे, म्हणजे नवं इंजिन रुळण्याचे दिवस. बायपासवर एकाच वेगाने तासभर जाण्याचा मोह टाळ, वेग वरखाली करत राहा, साठच्या वर नको. पहिली सर्व्हिस चुकवू नकोस. नव्या इंजिनचा धातूचा बारीक चुरा पहिल्या ऑइलमध्येच असतो. फ्री सर्व्हिस आणि वॉरंटी दोन्हींवर 'अमुक दिवस किंवा अमुक किलोमीटर, जे आधी होईल ते' असं असतं. तुझे किलोमीटर कायम आधी होणार. सर्व्हिस सेंटरवाला तारखेवर आठवण करेल, तू मात्र ओडोमीटरवर चाल.

रोजच्या देखभालीत तुझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट चेन. दर पाचशे किलोमीटरला, म्हणजे जवळपास दर रविवारी, सेंटर स्टँडवर लाव, मागचं चाक हाताने फिरवत चेनच्या आतल्या बाजूने नव्वद नंबरचं गियर ऑइल थोडं थोडं सोड. रात्री लाव, सकाळपर्यंत मुरतं, जास्तीचं फडक्याने पूस. पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन ज्यांवर फिरते त्या दातेरी चक्रांच्या) मधोमध चेन बोटाने वरखाली करून बघ. २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. ढिली असेल तर गियर टाकताना खडखडते, पण गॅरेजवाले करतात तशी ताणून घट्ट केलेली चेन जास्त वाईट. गाडी खड्ड्यात बसली की ती आणखी ताणली जाते आणि बेअरिंग व स्प्रॉकेट दोन्ही खाते. चाक फिरवताना एका जागी घट्ट आणि एका जागी ढिली लागली तर चेनसेट गेला असं समज. मागच्या स्प्रॉकेटचे दात वाकडे, टोकदार दिसू लागले की पूर्ण सेट बदल, नुसती चेन नको. तुझ्या वापराला वर्ष-सव्वा वर्षात तो खर्च येईल.

मोशीच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नकोस. थांबलास की न्यूट्रल. नाहीतर क्लच प्लेट जळतात. त्याचं लक्षण म्हणजे आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही. क्लच लिव्हरच्या टोकाला सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर मोकळी चाल राहिली पाहिजे. केबल ताणलेली असेल तर तू सोडलास तरी क्लच पूर्ण बसत नाही. हवा दर आठवड्याला, टायर थंड असताना. आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो. एकट्यासाठी पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस-एकोणतीसच्या आसपास. पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय दोन्हीत पस्तीस भरतो, आणि मग ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

पावसाचा पहिला आठवडा शक्य असेल तर कुणाच्या तरी गाडीतून जा. रस्त्यावरचं वर्षभराचं तेल वर येतं, आणि चाकणच्या वळणांवर कंटेनरचं डिझेल सांडलेलं असतं. पांढरे पट्टे, पुलांच्या लोखंडी पट्ट्या सरळ गाडीने पार कर, त्यांच्यावर ब्रेक नको. डावीकडे वळणाऱ्या कंटेनरच्या डाव्या बाजूला कधीही घुसू नकोस. त्याची मागची चाकं आत कापत येतात आणि ड्रायव्हरला तू दिसत नाहीस.

हेल्मेट शोरूमवाला देईल ते डबलसीटवाल्यासाठी ठेव. स्वतःला आयएसआय शिक्का असलेलं फुल फेस घे, काच साधी पारदर्शक, काळी नको, तू अंधारात परतणार आहेस.

सेकंड हँड युनिकॉर्नही चालेल, फक्त थंड इंजिन तुझ्यासमोर सुरू करायला सांग. निळा धूर आला किंवा पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाची कड दिसली तर सोडून दे. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

या शनिवारी शाइन आणि युनिकॉर्न दोन्हींची टेस्ट राइड घे, त्याच क्रमाने. कोटेशन मिळालं की पैसे भरण्याआधी त्याचा फोटो मला पाठव, कुठल्या ओळी खोडायच्या ते सांगतो. काका-काकूंना नमस्कार, आणि काकूंना सांग की साडीगार्ड काढायचा नाही असं मीच म्हटलंय.

तुझा,
अव्या