लेझरच्या आधी रक्त तपासा

महोदय,

आपल्या महिला पुरवणीतला चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांविषयीचा लेख वाचला. बेसन-हळदीचा लेप, थ्रेडिंग, लेझरचे पॅकेज, सगळे त्यात आहे. डॉक्टर मात्र कुठेच नाही. स्त्रीरोग विभागात परिचारिका म्हणून आयुष्य गेले, त्यामुळे हे वाचून फार वाईट वाटले.

अशा मुली ओपीडीत ओढणी तोंडापर्यंत घेऊन बसत. विचारले तर "पाळी पुढेमागे होते" एवढेच सांगत. ओढणी बाजूला झाली की हनुवटीखाली चिमट्याने उपटल्याचे काळे डाग आणि पिकलेले फोड दिसत. बरोबरची आई हळूच विचारी, "सिस्टर, लग्न झालं की होईल ना हो नीट?" लग्नाने काहीही नीट होत नाही.

ओठावर थोडी लव असणे हा आजार नव्हे. पण हनुवटी, छाती, बेंबीखाली, पाठीवर जाड काळे केस येऊ लागले, तर बहुतेक वेळा पुरुषी हार्मोन्स वाढलेली असतात. डॉक्टर शरीराच्या 9 जागा पाहून प्रत्येक जागेला केसांच्या दाटपणाप्रमाणे 0 ते 4 गुण देतात. बेरीज साधारण 8 च्या पुढे गेली की तपासण्या आल्या. बहुतेकींना पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा आणि हार्मोन्सचा बिघाड, निघतो, आणि त्याच्या मागोमाग मधुमेह येऊ शकतो. म्हणून टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनबरोबर रक्तातली साखरही तपासायची असते. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, डोक्यावर टक्कल पडू लागले, तर अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असू शकते. तिथे पार्लरमध्ये एक दिवसही घालवू नये.

गोरे होण्यासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमानेही चेहऱ्यावर केस येतात. 2018 पासून ही मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ती सर्रास मिळतात.

उपचार आहेत, पण सबुरी लागते. गोळ्यांचा फरक दिसायला निदान 6 महिने जातात. बहुतेकदा त्या गर्भनिरोधक गोळ्याच असतात. पाकिटावरचा तो शब्द वाचून कितीतरी घरांत त्या दुसऱ्याच महिन्यात बंद होतात. अविवाहित मुलीला त्या का दिल्या, हे डॉक्टरांनी आईला समोर बसवून सांगायला हवे. स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे पुरुषी हार्मोन्सचा परिणाम रोखणारी गोळी, चालू असताना गर्भ राहता कामा नये, हेही तितकेच स्पष्ट सांगावे. लेझर वाईट नाही, पण हार्मोन्स तशीच राहिली तर नवे केस येतच राहतात. काहींच्या चेहऱ्यावर तर लेझरनंतर आजूबाजूची लव उलट दाट होते. पैसे भरून घेताना हे कोणी सांगत नाही. आणि रेझरने केस जाड होत नाहीत. तेवढ्यासाठी मुलींना रागावणे थांबवावे.

याच पुरवणीत, त्याच जागी, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचारोगतज्ज्ञांचा सविस्तर लेख छापावा, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, सातारा