रुग्णासोबत येणाऱ्या माणसालाही वेळ द्या

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ओपीडीत त्याच्याशी बोलून झालं की डॉक्टर माझ्याकडे वळतात, 'महिनाभरात काही फरक जाणवला?' झोप, जेवण, गोळ्या हे पटकन सांगता येतं. पण तो गप्प होता तो भीतीनं, संशयानं की नुसता थकून? आजार उलटण्याची चाहूल अशाच गोष्टींतून लागते आणि ती आम्ही चेहऱ्यावरून ओळखावी, अशी अपेक्षा असते.

समोरच्याच्या भावना आणि हेतू ओळखण्याला मानसशास्त्रात सामाजिक आकलन म्हणतात. त्याची एक प्रसिद्ध चाचणी आहे: 36 छायाचित्रं, प्रत्येकात फक्त डोळे दिसतात आणि चार शब्दांतून त्या नजरेतला भाव निवडायचा असतो. स्किझोफ्रेनियात हे आकलन कमी पडतं. पण अनेक अभ्यासांत असंही दिसलंय, की ज्यांना आजार नाही अशा सख्ख्या नातेवाइकांनाही अशा चाचण्या सरासरीनं थोड्या जड जातात. रुग्ण आणि इतर लोक यांच्या अधेमधे त्यांचे गुण पडतात. याचं कारण काही अंशी आनुवंशिक मानलं जातं.

म्हणजे जी गोष्ट आमच्यातल्या काहींना मुळातच अवघड असू शकते, तिच्याच भरवशावर रुग्णाला घरी पाठवलं जातं. वर जागरणं आणि काळजी असतेच.

याचा उपयोग कुणी नातेवाइकांना चाळणी लावण्यासाठी करू नये, हेही कळकळीनं सांगते. फरक सरासरीतला आहे, लहान आहे. एकट्या माणसाबद्दल तो काही सांगत नाही. लग्न जमवताना 'त्यांच्या घरात आहे' एवढंच पुरेसं होतं. प्रत्यक्षात रुग्णाच्या दर दहा सख्ख्या भावंडांपैकी साधारण नऊ जणांना हा आजार कधीच होत नाही.

माझी मागणी साधी आहे. कुटुंबाला आजार नीट समजावून दिला तर तो उलटण्याचं प्रमाण कमी होतं, याला भक्कम पुरावा आहे. तरीही त्यासाठी ना वेळ राखलेला असतो, ना माणूस. प्रत्येक सरकारी मानसोपचार विभागात कुटुंबासाठी समुपदेशकाचं कायम पद मंजूर करा. 'लक्ष ठेवा' एवढं सांगून चालणार नाही. कशावर ठेवायचं, ते त्यांनी आम्हाला उदाहरणांसह शिकवावं. आणि त्या भेटीत एकदा तरी आमचीही विचारपूस व्हावी.

आपली नम्र,
एका रुग्णाची बहीण