कापडाच्या पुस्तकात उलटी बाजूही दाखवा

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत वसंतातल्या ब्लशरच्या छटांना अर्धं पान आणि वस्त्रांवरच्या पुस्तकांना जेमतेम चार ओळी! ब्लशरबद्दल तक्रार नाही. माझी सून लावते, पीच रंग तिला शोभतोही. पण त्या चार ओळींत लंडनच्या इंडिया म्युझियमचे जॉन फोर्ब्स वॉटसन नव्हते. 1866 साली त्यांनी भारतीय कापडाचे 18 खंड काढले. त्यांत 700 नमुने, तेही चित्रं नव्हेत, खऱ्या कापडाचे कापून चिकटवलेले तुकडे. असे 20 संच झाले. 13 ब्रिटनला, 7 भारतात. तिकडच्या गिरण्यांना इकडची पसंती कळावी, हा हेतू. राग येतो, पण कापड दाखवावं कसं हे त्या माणसाला कळलं होतं.

मी तीस वर्षं फॉल-पिको करते. साडी हातात आली की आधी उलटी करते. हातमागाच्या पैठणीच्या पदरावरचा मोर मागूनही तसाच दिसतो. नकलीच्या मागे सुटे धागे लोंबतात, बांगडीत अडकतात. इरकलीच्या पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला. ती रेघ बोटाला लागते. गुळगुळीत कागदावरच्या फोटोत यातलं काय दिसणार?

मराठीत कुणी तसं पुस्तक काढणार असेल तर कळवावं. ब्लाउजपीसच्या कात्रणांची एक पिशवी माझ्याकडे भरलेली आहे.

– एक वाचक, डोंबिवली