पासवर्ड टाकताना खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. ‘आभाराबिभाराचं काही लिहू नका, आणि लिहिलंतच तर नाव घालू नका,’ असं म्हणाला होता. त्यातलं पहिलं मोडतोय, दुसरं पाळतोय.

परवा दुपारी चाकणच्या एका गिऱ्हाइकाच्या परचेसमधनं फोन आला. ‘कोटेशन मिळालं, ड्रॉइंगही उघडलं, दोन दिवसांत कळवतो.’ बास, एवढंच. त्या बाईंना काय कल्पना, की ‘मिळालं’ हा शब्द आम्ही आठ महिन्यांनी ऐकत होतो. मी फोन ठेवला आणि उगीच लेथपाशी जाऊन उभा राहिलो. ऑपरेटरनं विचारलं, काय साहेब, डोळ्यात बुरादा गेला काय? हो म्हणालो.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पंप कव्हर, हाउसिंग, फाउंड्रीकडनं आलेल्या कास्टिंगचं मशीनिंग, असला जॉब वर्क. बाबांनी एका जुन्या लेथवर सुरू केलं, आता माणसं चौदा. कंपनीच्या नावाचा मेल असावा म्हणून चार वर्षांपूर्वी आम्ही एका गृहस्थांना काम दिलं. व्हिजिटिंग कार्डावर ‘सोल्युशन्स’ होतं. आमच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही, पण कार्ड जाड होतं.

त्यांनी सर्व्हर लावला, पैसे घेतले, फोटो काढला आणि गेले. पासवर्ड काय, तर कंपनीचं नाव आणि पुढं १२३. तोही शॉपमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितला, आणि पोरानं तो मॉनिटरच्या कडेला स्केचपेननं लिहून ठेवला. दोन वर्षं चाललं तसंच. मग हळूहळू गिऱ्हाइकं म्हणायला लागली, तुमचं कोटेशन आलंच नाही. आम्ही म्हणायचो, पाठवलंय की, हे बघा ‘सेंट’मध्ये दिसतंय. ते म्हणायचे, स्पॅममध्ये बघतो. तिथंही नसायचं. एक चांगली ऑर्डर, वर्षभर चालली असती अशी, गेली. त्या गृहस्थांना फोन लावला की रिंग पूर्ण वाजायची आणि मग व्हॉट्सॲपवर हात जोडलेला इमोजी यायचा. तो इमोजी मी आजपर्यंत कुणाला पाठवू शकलेलो नाही.

आणि मग दिवाळीनंतरचा तो दिवस. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधनं फोन : ‘तुम्ही बँक खातं बदललंय का?’ आमच्याच पत्त्यावरनं, आमच्याच लेटरहेडवर त्यांना मेल गेला होता, की यापुढं पेमेंट या नव्या खात्यात करा. आम्ही तो पाठवलाच नव्हता. त्यांनी पैसे टाकायच्या आधी फोन केला म्हणून वाचलो. नाहीतर त्यांचे पैसे गेले असते आणि आमची अब्रू.

त्या रात्री मला झोप नव्हती. शेजारच्या शेडवाल्यानं तुमचा नंबर दिला. म्हणाला, टेलिफोन एक्स्चेंजमधनं रिटायर झालेत, घरी बसून सर्व्हर लावतात, पैशाचं काही बोलत नाहीत, फक्त चहात साखर कमी. मला वाटलं होतं, सत्तरीकडं झुकलेला माणूस, काय करणार? माफ करा काका.

तुम्ही आलात आणि पहिल्याच दिवशी मला परावृत्त करायला बसलात. ‘स्वतःचा मेल सर्व्हर ठेवणं म्हणजे म्हैस पाळणं. रोज धार काढायला लागते, वैरण बघायला लागते, आजारी पडली तर रात्री उठायला लागतं. दूधच पाहिजे असेल तर गंगावेशीच्या कट्ट्यावर जा, समोर काढून देतात.’ दर माणशी दर महिन्याला पैसे भरून तयार सेवा घेणं हेच बहुतेकांना बरं, असंही म्हणालात. धंद्यात इतकी वर्षं झाली, पण स्वतःचं काम स्वतःच नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मी हट्ट धरला, कारण मोठी ड्रॉइंगं आमच्याच ताब्यात राहावीत असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, बरं, मग म्हैस बघू.

जुना कारभार तपासताना तुम्ही एकदाच हसलात. आमच्या नावानं टपाल कुठनं सुटू शकतं याची जी यादी डोमेनवर, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ च्या पुढं असतं त्या आमच्या नावावर, लावायची असते, एसपीएफ, ती त्या गृहस्थांनी दोनदा लावली होती. ‘दोन असल्या की समोरचा दोन्ही धरत नाही. एका म्यानात दोन तलवारी.’ शिवाय सर्व्हरचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता, आयपी, आधी कुणा स्पॅम टाकणाऱ्याकडं होता, म्हणून काळ्या यादीत. तुम्ही सांगितलंत ते डोक्यात पक्कं बसलं : भाड्याची खोली घेतली आणि आधीच्या भाडेकरूचे घेणेकरी आपल्या दारात. आणि त्या आकड्यावरनं उलटं विचारलं तर आमचं नाव सांगणारी नोंद नव्हतीच. म्हणजे पाहुणा घरी आला, पण दारावर पाटी नाही. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूनं हे सगळं कडक केलं. दिवसाला ५,००० च्या वर मेल टाकणाऱ्यांवर जास्त अटी, पण दिवसाला चाळीस पाठवणारे आम्हीही त्यातनं सुटलो नव्हतो.

तो बनावट मेल कसा गेला, हे मी तुम्हाला तीनदा विचारलं असेल. तुम्ही म्हणालात, १९८२ मध्ये हे टपालाचे नियम लिहिले गेले, तेव्हा जाळ्यावरची माणसं थोडी आणि एकमेकांवर भरवसा ठेवणारी. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव काय लिहिलंय हे पोस्टमन तपासतो का? तसंच. नंतर गर्दी वाढली, चोर आले, आणि मग लाखेचा शिक्का आला, डीकेआयएम. आणि शिक्का जुळला नाही तर काय करायचं ही सूचना आली, डीमार्क. मी म्हणालो, मग लगेच ‘परत पाठवा’ लावा. तुम्ही लावलं नाहीत. महिनाभर नुसतं बघायचं, म्हणालात. रोज येणारे ते गुंतागुंतीचे रिपोर्ट तुम्ही ज्ञानेश्वरीच्या पारायणासारखे वाचत होता, आणि तिसऱ्या आठवड्यात कळलं की आमचं बिलिंग सॉफ्टवेअर इन्व्हॉइस भलत्याच सर्व्हरवरनं पाठवतंय. घाई केली असती तर आमची आम्हीच बिलं परत लावली असती.

हे झालं काम. पण हे पत्र कामाबद्दल नाही.

नवा सर्व्हर उभा राहिला, डोमेनही आमच्या नावावर आलं. त्यासाठी तुम्ही केएमटीच्या बसनं जाऊन त्या जाड कार्डवाल्यांच्या ऑफिसात अख्खी दुपार बसून राहिलात. भांडलात नाही, आवाज चढवला नाही, नुसतं बसलात. शेवटी त्यांनी डोमेन सोडवायचा कोड दिला. हे मला नंतर त्यांच्याच पोरानं सांगितलं, तुम्ही नाही.

त्या संध्याकाळी मुख्य पासवर्ड टाकायचा होता. मी सवयीनं म्हणालो, काका, तुम्हीच टाका की काहीतरी, मला कागदावर लिहून द्या. तुम्ही कीबोर्ड माझ्याकडं सरकवलात. उठलात. चार पावलं जाऊन खिडकीपाशी उभे राहिलात, आमच्याकडं पाठ करून. बाहेर बघण्यासारखं काय होतं तिथं? बुराद्याचा ढीग, जुन्या लेथचं गंजलेलं एक बेड, आणि शेजारच्या फाउंड्रीचा धूर.

मी दोन बोटांनी टाइप करतो. मोठा घालायला सांगितला होतात, म्हणून मी आमच्या गावच्या वेशीपासनं घरापर्यंतची झाडं ओळीनं घातली, मध्ये आकडे. दोनदा चुकला. तुम्ही पाच मिनिटं तरी उभे होता. मध्येच, मान न वळवता, विचारलंत, ‘झालं?’ मी नाही म्हणालो. परत गप्प. मग झालं म्हणालो, तेव्हाही लगेच वळला नाहीत. आधी विचारलंत, ‘पडद्यावरनं गेलं का?’ गेलं म्हटल्यावर वळलात.

मला ठाऊक आहे, तुम्हाला तो पासवर्ड कळायची गरजच नव्हती. सगळा सर्व्हर तुम्हीच बांधलेला, मनात आणलं असतं तर कुठलंही दार उघडलं असतंत. हे तुम्हालाही ठाऊक होतं. तरी तोंड फिरवलंत. कुणी बघत नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं, त्याचे पैसे कुठल्या बिलात लागत नाहीत. आणि शेवटच्या दिवशी माझ्याच हातनं तुमचं स्वतःचं लॉगिन काढून टाकायला लावलंत. ‘घर तुमचं. गवंड्यानं किल्ली ठेवायची नसते.’

काका, चार वर्षं आमचं डोमेन, आमचा मेल, आमच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंगं दुसऱ्याच्या नावावर होती आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. कारण मला वाटायचं, आपल्याला यातलं काय कळतंय. त्या गृहस्थांनीही मला तसंच वागवलं. तुम्ही खिडकीकडं वळलात तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की हे माझं आहे. बायकोला रात्री सांगितलं तर ती म्हणाली, एवढंच? मी म्हणालो, हो, एवढंच. ती हसली, पण दुसऱ्या दिवशी मॉनिटरच्या कडेचं ते स्केचपेनचं १२३ तिनंच थिनर लावून पुसलं.

अजून एक गोष्ट राहिली. सगळ्यांचे मेलचे पत्ते तयार करून झाल्यावर तुम्ही ‘पोस्टमास्टर’ नावाचाही एक तयार करायला लावलात. मी म्हणालो, हा कोण? आमच्याकडं असा कुणी नाही. तुम्ही म्हणालात, १९८२ पासनं नियम आहे, जिथं टपाल घेता तिथं या नावाचा पत्ता चालूच पाहिजे, आणि त्यावर आलेलं माणसानं वाचलं पाहिजे. दुसऱ्या कुणाला तुमच्या सर्व्हरचा त्रास झाला तर त्यानं सांगायचं कुणाला? मला हा नियम फार आवडला. तंत्राच्या एवढ्या जंगलात कुणीतरी लिहून ठेवलंय, की तक्रार ऐकायला एक माणूस हवा. ज्यांचा फोन नुसता वाजत राहतो त्यांच्या दारावर हा नियम मोठ्या अक्षरात लावावा असं वाटतं, पण असो. तुम्ही असतात तर म्हणाला असता, जाऊ द्या, वैरण बघा.

तर वैरण बघतोय. पोस्टमास्टरचा डबा मी रोज सकाळी पूजा झाल्यावर उघडतो. अपडेट दर सोमवारी, सुट्टीला, शॉप बंद असताना. बॅकअप नुसता घेत नाही, तुम्ही सांगितलंत तसा महिन्यातनं एकदा परत उतरवून बघतो. गेल्या खेपेला माझाच एक मेल सापडला, तीन महिन्यांपूर्वी चुकून पुसलेला.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. घेतलं काय, तर तुमच्या गावाकडच्या मोटरीची घासलेली बुश खिशातनं काढून टेबलावर ठेवलीत, आणि म्हणालात, अशी एक करून द्या, गनमेटलची, पण बिल फाडा. मी नको नको म्हणालो तर तुम्ही उठायलाच लागलात.

बुश झालीय. बाबांनी स्वतः मायक्रोमीटरनं तपासली, त्यांनी लेथला हात लावून पाच वर्षं झाली होती. बिलही फाडलंय, जीएसटीसकट. या रविवारी येऊन घेऊन जा. चहात साखर कमी सांगून ठेवलीय.

तुमचा,
शिरोलीचा मशीन शॉपवाला